बर्फाच्या गावी बिऱ्हाड हलवताना

पूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात अमरनाथला किंवा चारधामला निघालेले लोक तंदुरुस्तीचा दाखला मागायला येत. आजही येतात. पण अलीकडे एक नवा प्रश्न कानावर पडू लागला आहे. ‘‘डॉक्टर, आम्ही लेहला राहायलाच जायचे म्हणतोय. चालेल ना?’’ विचारणारे कधी घरून संगणकावर काम करणारे तिशीतले जोडपे असते, कधी नुकतेच निवृत्त झालेले, सह्याद्रीतले निम्मे किल्ले पालथे घातलेले गृहस्थ. कधी मुलगा तिकडे नोकरीला लागला म्हणून वर्षातले सहा महिने त्याच्याकडे काढू पाहणारे आई-वडील. खिडकी उघडली की बर्फाचे डोंगर, गर्दी नाही, हॉर्न नाहीत, पायाखाली डोंगरवाटा. ही ओढ खरी असते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मी कुणाला सरसकट ‘जाऊ नका’ म्हणत नाही.

पण तिथे फिरायला जाणे आणि राहायला जाणे या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यटक आठ दिवसांत खाली उतरतो. राहणाऱ्याचे शरीर महिनोन्‌महिने जुळवून घेत राहते आणि तो सुटीत गावी येऊन परत गेला की त्यातला बराच भाग पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. ही दुसरी गोष्ट विचारायला येणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच ठाऊक नसते.

आधी उंचीचा हिशेब मांडू. मनाली, मसुरी, मुनसियारी ही गावे दोन हजार ते सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहेत. तिथे थंडी बोचते, चढ चढताना दम लागतो, पण निरोगी माणसाला उंचीचा असा आजार सहसा होत नाही. वैद्यकशास्त्र सावध होते ते साधारण अडीच हजार मीटरपासून पुढे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. स्पितीतले काझा त्याहून थोडे वर. आणि आपले कळसूबाई? १,६४६ मीटर. महाराष्ट्रातला सर्वांत उंच माथादेखील त्या अडीच हजारांच्या रेषेच्या कितीतरी खाली राहतो. त्यामुळे किल्ले चढून पाय आणि हृदय भक्कम होते यात शंका नाही, पण आपले शरीर विरळ हवेत कसे वागेल याची परीक्षा आपल्या राज्यात कुठेच होत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा पंचविशीतला तरुण तिथे आडवा होतो आणि त्याच्या सोबतची साठीची मावशी ठणठणीत राहते, हे डोंगरातले नेहमीचे दृश्य आहे. तंदुरुस्तीने हा आजार टळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतो, म्हणून जास्त अडकतो.

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण म्हणतो, ते अर्धे खरे आहे. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईत जे २१ टक्के, तेच लेहमध्ये. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. मानेतल्या धमन्यांशेजारी असलेल्या इवल्याशा ग्रंथींना हे काही मिनिटांत कळते आणि श्वास वाढतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू म्हणतो, जरा हळू. एक जण गाडी पुढे ढकलतो आहे, दुसरा ब्रेक दाबतो आहे, असा प्रकार. पहिल्या रात्री हा गोंधळ उघड दिसतो. झोपलेला माणूस दहा-पंधरा सेकंद श्वासच घेत नाही, मग एकदम धापा टाकतो. शेजारी झोपलेल्या बायकोची झोप उडते. बहुतेकांच्या बाबतीत हे घातक नसते. दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे जादा अल्क लघवीवाटे बाहेर टाकतात, ब्रेक सुटतो आणि श्वास जमतो. लघवी वारंवार होणे हे या काळात बहुधा चांगले लक्षण असते.

दिल्लीहून विमान सव्वा तासात लेहला उतरवते. सव्वा तासात शरीराला यातले काहीच जमत नाही. म्हणून विमानाने गेलेल्याने पहिले दोन दिवस खरोखर काही करू नये. सामान लावू नये, सिलिंडर उचलू नये, जिना वारंवार चढू नये, मद्य घेऊ नये, झोपेची गोळी घेऊ नये. बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्यांची नेमकी इथेच चूक होते, कारण पर्यटक निदान हॉटेलात लोळतो, आपण ट्रकमधली खोकी उतरवायला लागतो. रस्त्याने जायचे तर श्रीनगर-कारगिल मार्ग शरीराला बरा, कारण मुक्काम कारगिलला साधारण २,७०० मीटरवर पडतो. मनालीकडून जाताना अनेक जण पहिलाच मुक्काम सरचूला करतात. ते सुमारे ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही वर. दोन हजार मीटरवरून निघून त्याच रात्री तिथे झोपणे हा आजाराला दिलेला आवतणाचा नारळ आहे.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून गेल्यासारखे वाटणे हा उंचीचा सौम्य आजार. आहे तिथेच थांबले, विश्रांती घेतली की एक-दोन दिवसांत उतरतो. थांबूनही वाढत गेला तर मात्र खाली उतरायला हवे. धोक्याच्या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. माणूस सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालू शकत नाही, बरळतो, सुस्तावतो, तर मेंदूला सूज येत आहे. नुसते बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, छातीत घुरघुर होते, ओठ निळसर होतात, तर फुप्फुसात पाणी भरत आहे. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री होते आणि याला न्यूमोनिया समजून गोळ्या घेत बसणे प्राणावर बेतते. ऑक्सिजन, रुग्णालय आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरणे, हाच उपाय. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

आपल्या देशाने हे ज्ञान फार महाग किमतीला घेतले आहे. १९६२च्या चीन युद्धात मैदानी प्रदेशातले जवान घाईघाईने उंचावर पोहोचवावे लागले. त्या काळात आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरच्या पर्वतीय वैद्यकात तो आजही मूलभूत मानला जातो. सैन्यात आज उंचावर जाणाऱ्याला टप्प्याटप्प्याने थांबवले जाते, नऊ ते बारा हजार फुटांच्या पहिल्या टप्प्यावर सहा दिवस. धडधाकट, शिस्तीत वाढलेल्या विशीतल्या मुलांना सहा दिवस देतात. आपण स्वतःला निदान तेवढे तरी द्यावेत.

आता ऑक्सिमीटरविषयी. करोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचे हे यंत्र घराघरात आले आणि ९४च्या खाली आकडा म्हणजे धोका, हे आपल्या डोक्यात पक्के बसले. लेहमध्ये नव्याने गेलेल्या, पण व्यवस्थित खात-पीत असलेल्या माणसाचा आकडा ९०च्या आसपास असणे ही सामान्य गोष्ट आहे. तो पाहून घाबरलेल्यांचे फोन येतात. शिवाय बोटे गार असतील तर यंत्र वाटेल तो आकडा दाखवते. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. सोबतच्या चौघांपेक्षा एकाचा आकडा बराच खाली आहे आणि त्याला धापही लागते आहे, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

पहिला आठवडा सरला म्हणजे सगळे झाले असे नाही. रक्तातला पाण्याचा अंश पहिल्या काही दिवसांतच कमी होतो, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा चढलेला दिसतो. खरोखरच्या नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात. तीन-चार आठवड्यांनी माणूस म्हणतो, आता मी इथला झालो. चालताना बोलता येऊ लागते, भूक परत येते. तरीही कष्ट करण्याची कमाल क्षमता समुद्रसपाटीइतकी कधीच होत नाही. शेजारची लडाखी आजी पाठीवर भारा घेऊन आपल्याला मागे टाकते, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. तिबेटी पठारावरच्या लोकांमध्ये ऑक्सिजन कमी असतानाही रक्त फाजील दाट होऊ न देणारे जनुकीय बदल हजारो वर्षांत रुजले आहेत, हे २०१०च्या सुमारास झालेल्या संशोधनातून पुढे आले. आपल्याला तो वारसा नाही. आपले शरीर एकच युक्ती जाणते, तांबड्या पेशी वाढवा. काहींच्या बाबतीत ही युक्ती अंगाशी येते. वर्षानुवर्षे उंचावर राहिल्यावर रक्त इतके दाट होते की डोके दुखते, कानात गुणगुणते, झोप लागत नाही, ओठ निळे-जांभळे दिसतात. १९२५ मध्ये पेरूमधले डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला मोंगेचा आजार म्हणतात. पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन २१च्या आणि स्त्रियांमध्ये १९च्या वर गेले तर त्याचा विचार करतात. लठ्ठपणा, धूम्रपान, घोरण्याचा आजार असणाऱ्यांना धोका जास्त आणि स्त्रियांना रजोनिवृत्तीनंतर वाढतो. म्हणून तिथे स्थायिक होणाऱ्याने वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे. आपल्याकडे आपण ते कमी आहे का म्हणून पाहतो, तिथे जास्त आहे का म्हणूनही पाहायचे.

आता त्या दुसऱ्या, कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टीकडे येतो. समजा, आपण लेहमध्ये दीड वर्ष राहिलात. छान रुळलात. दिवाळीला दोन-तीन आठवडे पुण्याला आलात, फराळ खाल्ला, भाऊबीज झाली, आणि विमानाने परत गेलात. ‘आपल्याच घरी तर जातोय’ म्हणून उतरल्या दिवशी पाण्याचे कॅन वर चढवलेत, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डोंगरवाटेला निघालात. अशा माणसाच्या फुप्फुसात पाणी भरू शकते, पहिल्यांदा गेलेल्या पर्यटकासारखेच. पेरूच्या डॉक्टरांनी हा प्रकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवला होता. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या सुमारे ३,१०० मीटरवरच्या लेडव्हिल गावात, खाली सुटी घालवून घरी परतलेल्या मुलांमध्ये तो वारंवार दिसला. मुले तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली, तरीही. कारण खाली आल्यावर शरीर मिळवलेली सवय आठवड्या-दोन आठवड्यांत मोडायला लागते. श्वासाची वाढलेली गती खाली येते, रक्त पुन्हा पातळ होते. पण उंचावर राहून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचे स्नायू जाड झालेले असतात. ते इतक्या लवकर पूर्ववत होत नाहीत आणि परत वर जाताच जोरात आवळतात. सैन्यात रजेवरून परतलेल्या जवानालाही ठरावीक दिवस पुन्हा थांबवतात ते याचसाठी. लेहला घर केलेल्या मराठी कुटुंबाने प्रत्येक सुटीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस पाहुण्यासारखे काढावेत. मुलांची शाळा विमान उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत असेल, तर तिकिटे दोन दिवस आधीची काढावीत. मूल नुसते चिडचिडे झाले, खेळेना, जेवेना, तरी सर्दी-खोकल्यावर घालवू नये.

दुसरा धोका घराच्या आत असतो. हिवाळ्यात लेहचे तापमान रात्री शून्याखाली वीसपर्यंत जाते. घराघरात बुखारी पेटते. लाकूड, कोळसा, रॉकेल किंवा गॅसची. थंडी आत येऊ नये म्हणून फटी कापडाने बुजवतात आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आपल्याकडच्या शहरांत बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने जे मृत्यू होतात, ते याच वायूने. उंचावर तर ऑक्सिजनची शिल्लक आधीच तुटपुंजी असते. त्यातली फसगत अशी की पहिली लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गरगरणे. हुबेहूब उंचीच्या आजाराची. माणूस म्हणतो, अजून हवा मानवली नाही, आणि दार लावून त्याच खोलीत झोपतो. ऑक्सिमीटरही इथे दगा देतो. मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि आकडा उत्तम दिसतो. खोलीतल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, किंवा बाहेर अंगणात गेल्यावर बरे वाटले आणि आत आल्यावर पुन्हा दुखले, तर बुखारीवर संशय घ्यावा. दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी आधी बाहेर पडावे. भाड्याचे घर पाहताना लोक खिडकीतून काय दिसते ते पाहतात. मी म्हणेन, धुराडे छतापर्यंत नीट गेले आहे का तेही पाहा. उघडी शेगडी पेटवून कधीही झोपू नये. या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र मिळते. लेहच्या सामानात जाडजूड जॅकेटच्या आधी ते भरावे.

‘पण डॉक्टर, हवा किती शुद्ध!’ हे वाक्य ऐकल्याशिवाय अशी चर्चा संपत नाही. उन्हाळ्यात मोकळ्या माळावर ती असतेही. मात्र मध्य लडाखमधल्या काही गावांत, जिथे ना खाण ना कारखाना, तिथल्या गावकऱ्यांच्या फुप्फुसात खाणकामगारांसारखी धूळ साचल्याचे संशोधन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. कारण वसंतातली धुळीची वादळे आणि बंद घरातल्या चुलीचा धूर. दमेकऱ्याने बर्फाचे चित्र पाहून हवेबद्दल मत बनवू नये.

काही जणांशी मात्र मला अधिक सविस्तर बोलावे लागते. विदर्भातले, गडचिरोली-नंदुरबारकडचे कुणी विचारायला आले तर मी सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे आधी विचारतो. सिकलसेलच्या रुग्णाने इतक्या उंचीवर जाऊच नये. नुसते वाहक असणाऱ्यांनाही, ज्यांना खाली कधी काही त्रास होत नाही, उंचावर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगड्यांखाली तीव्र दुखू शकते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असणे, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, नियंत्रणात नसलेले हृदयाचे अपुरेपण, घरी ऑक्सिजन लागणारा फुप्फुसाचा आजार, या मंडळींना मी स्पष्ट नाही म्हणतो. रक्तदाब असणाऱ्यांनी गोळ्या चालू ठेवून पहिले काही आठवडे दाब मोजावा. तो तिथे थोडा चढतो आणि गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन गोठू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून पुन्हा स्वच्छ दिसले तरी निकामी झालेले असते. खिडकीजवळ ठेवू नये, रात्री अंथरुणाजवळ कपड्यात गुंडाळून ठेवावे. गरोदर स्त्रीने पहिल्यांदाच तिथे राहायला जाणे लांबणीवर टाकावे हे बरे. उंचावर बाळाचे वजन दर हजार मीटरमागे साधारण शंभर ग्रॅमने कमी भरते आणि गरोदरपणातला रक्तदाबही अधिक आढळतो.

उंचीच्या आजाराला आळा घालणारी असिटाझोलामाइड नावाची गोळी आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. मूत्रपिंडांचे ते अल्क बाहेर टाकण्याचे काम ती लवकर सुरू करून देते. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. ती घेतली म्हणून दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला पाहायला निघण्याचा परवाना मिळत नाही. ती खिंड पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे.

रोजच्या चालण्याबद्दल थोडे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला येणे चांगले. उन्हातली अतिनील किरणे दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली बरीचशी परत डोळ्यांवर फेकतो. चष्म्याशिवाय दिवसभर बर्फात फिरलेल्या माणसाच्या डोळ्यांत संध्याकाळी वाळू गेल्यासारखी आग होते. काळा चष्मा बाजूंनी बंद असलेला घ्यावा. आणि साठीच्या पुढच्यांना सांगायचे तर, तिथल्या हिवाळ्यात उंचीपेक्षा अंगणातल्या निसरड्या बर्फावर पडून खुबा मोडण्याची शक्यता मला जास्त वाटते. बुटाच्या तळाला काटे लावून घ्यावेत.

स्वयंपाकघरात पाणी ८८ अंशांनाच उकळते. तुरीची डाळ पातेल्यात शिजवायला बसलात तर दुपार होईल. कुकर न्यावा, रबराची जादा रिंगही न्यावी.

घर घेण्याआधी, नोकरी सोडण्याआधी एक हिवाळा तिथे काढून पाहा, असे मी सगळ्यांना सांगतो. जून-जुलैतले लेह पाहून निर्णय घेणारे फार आहेत. जानेवारीत नळ गोठलेले असतात, ताजी भाजी दुर्मीळ होते, रस्ते बर्फाने बंद होतात आणि हवामान बिघडले की विमानही रद्द होते. खाली उतरणे हाच ज्या आजारावरचा मुख्य उपाय, त्या आजाराच्या दृष्टीने हा काळ सर्वांत अडचणीचा. लेहच्या सोनम नोर्बू रुग्णालयातल्या डॉक्टरांचा उंचीच्या आजाराचा अनुभव मोठा आहे. पण आपण घर लेह गावात घेणार, की चांगले दृश्य दिसते म्हणून तिथून दोन-तीन तासांवरच्या वस्तीत? त्या घरातून जानेवारीतल्या रात्री दोन वाजता रुग्णालयात कसे पोहोचायचे, गाडी कुणाची, चालक कोण, शेजारी ऑक्सिजनचे सिलिंडर कुणाकडे आहे, हे कागदावर लिहून आणा, मग पुढचे बोलू, असे मी म्हणतो. काही जण पुन्हा येत नाहीत. जे कागद घेऊन येतात, त्यांचा रक्तदाब तपासून, हिमोग्लोबिन पाहून मी आनंदाने दाखला देतो.